जट, जटा आणि संकल्प : लॉक्स ठेवू पाहणाऱ्या एका तरुणीच्या प्रश्नाला उत्तर

डिचोलीहून तुम्ही विचारले आहे की, ड्रेडलॉक्स (केस गुंफून केलेल्या दोरीसारख्या बटा, थोडक्यात लॉक्स) ठेवावेत असे तुमच्या मनात बरेच दिवस आहे, पण घरात आणि बाहेर तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्यामुळे तुमचा निर्णय होत नाही. आई घाबरली आहे, कारण तिच्या मावशीच्या डोक्यात जट होती आणि ती सौंदत्तीच्या यल्लम्माची म्हणून शेवटपर्यंत कोणी काढू दिली नाही. मैत्रीण म्हणते की ही जमैकातल्या लोकांच्या धर्माची नक्कल आहे आणि आपण ती करू नये. हरमलच्या किनाऱ्यावर भेटलेल्या एका प्रवाशाने मात्र सांगितले की गुंफलेल्या केसांत शक्ती साठते आणि ध्यान लवकर लागते. यातले खरे काय, लॉक्सना काही आध्यात्मिक अर्थ आहे का, आणि एकदा ठेवले की ते कापता येतात का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी पेडणे तालुक्यात राहते, अनेक वर्षे लॉक्स बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम करते, आणि माझ्या स्वतःच्या डोक्यावरही ते आहेत. हौसेने लॉक्स करून घेणारे माझ्याकडे येतात, तशाच भीतीने वाढवलेली जट सोडवून घेणाऱ्या बायकाही येतात. या दोघींचे केस हाताखाली एकसारखेच लागतात; त्यांच्या आयुष्यात त्या केसांनी जे केलेले असते त्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगते. अर्थ येतो तो ते केस कोणी, कशासाठी, कोणत्या अटीवर धरले आहेत यातून, आणि ते उतरवण्याची मोकळीक त्या माणसाला आहे की नाही यातून. ज्या केसांना नाही म्हणण्याची सोयच नाही, त्यांना मी अध्यात्म म्हणत नाही, मग त्यांच्यावर हळद-कुंकू वाहिलेले असो वा नसो.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण रामायणात आहे आणि ते लोकांच्या सहसा लक्षात राहत नाही. वनवासाला निघालेला राम गंगेच्या काठी गुहाकडे वडाचा चीक मागतो आणि त्या चिकाने स्वतःच्या व लक्ष्मणाच्या केसांच्या जटा करतो. म्हणजे त्या जटा आपोआप आलेल्या नाहीत, कोणा देवतेने डोक्यात घातलेल्याही नाहीत. राजपुत्राने जाणूनबुजून, एका ठिकाणी बसून, हाताने केलेल्या आहेत. तिकडे नंदिग्रामात भरतही जटा धारण करून चौदा वर्षे राहतो. मुदत संपते, राम अयोध्येला परत येतो, तेव्हा राज्याभिषेकापूर्वी त्या जटा सोडवल्या जातात, स्नान होते, आणि मगच राजवस्त्रे अंगावर येतात. जटा करताना कोणी घाबरले नाही आणि सोडवताना कोणाचे वाईट झाले नाही, कारण त्यांच्यामागे एक शब्द दिलेला होता आणि तो पुरा झाला होता. हाताने करून घेतलेले लॉक्स खोटे आणि आपोआप गुंतलेले खरे, असे जे काही जण छातीठोकपणे सांगतात, त्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. (जाता जाता सांगते, वडाचा चीक केसांना लावून पाहू नका. तो टाळूला लागला तर त्वचेची आग होऊ शकते, आणि वाळल्यावर धुऊनही निघत नाही.)

संन्याशांच्या बाबतीतही क्रम पाहण्यासारखा आहे. दर बारा वर्षांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात जटाधारी नागा साधू आपण पाहतो. पण त्यांच्या दीक्षेत आधी मुंडन होते, शेंडीही सोडावी लागते, स्वतःच्या हाताने स्वतःचे पिंडदान करावे लागते, आणि त्यानंतर वाढलेले केस जटा होतात. गृहस्थ म्हणून असलेले केस संपले, आता जे वाढेल त्याच्या शृंगाराकडे मी पाहणार नाही, असा त्याचा भाव. जैन मुनी हाच भाव नेमक्या उलट रीतीने, केशलोच करून, हाताने केस उपटून व्यक्त करतात. एकाने केस वाढू दिले, दुसऱ्याने मुळासकट काढले, आणि दोघांनी सोडले ते एकच : आरशासमोर उभे राहून स्वतःला सजवण्याचे ओझे. तुकोबांनी डोईवर केस वाढवून अंगात भुते आणणाऱ्यांना संत मानायला साफ नकार दिला तो याच कारणाने. आतली खूण नसेल तर बाहेरच्या केसांची त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. वारकरी घरात वाढलेल्या कोणालाही हे नव्याने सांगावे लागू नये.

तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप मी हलका समजत नाही. 2 नोव्हेंबर 1930 रोजी इथिओपियात सम्राट हेले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला आणि जमैकातल्या गरीब कृष्णवर्णीयांपैकी काहींनी त्यांना ईश्वराचा अवतार मानले. त्यातून रास्ताफारी पंथ उभा राहिला. त्यांच्या लॉक्सचा आधार बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, जिथे नाजीराचे व्रत सांगितले आहे : व्रताचे दिवस पूर्ण होईपर्यंत डोक्याला वस्तरा लागू द्यायचा नाही, द्राक्षारस प्यायचा नाही, प्रेताजवळ जायचे नाही. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून आणले, ज्यांच्या केसांना सतत हीन ठरवले गेले, त्या माणसांनी तेच केस देवाच्या नावाने वाढवणे ही फार मोठी गोष्ट होती, आणि तिची किंमत त्यांनी मोजली. पोलिसांनी धरून जबरदस्तीने केस कापणे, नोकरी न मिळणे, शाळेतून मुलांना परत पाठवणे हे त्यांच्या वाट्याला आले. 1963 च्या एप्रिलमध्ये जमैकातल्या कोरल गार्डन्स इथे झालेल्या हिंसक चकमकीनंतर शेकडो रास्ताफारींची धरपकड झाली, आणि त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती 2017 मध्ये. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याला 2019 मध्ये कायदा करून सांगावे लागले की अशा केसांमुळे कोणाला नोकरीत किंवा शाळेत वेगळी वागणूक देता येणार नाही.

हे सगळे ठाऊक नसताना लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची टोपी घालून किनाऱ्यावर हिंडणे मला रुचत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्यांना मी तसे सांगते. पण जटा ही एका पंथाची मालमत्ता आहे असेही मी मानत नाही. शिवाच्या मस्तकावरच्या जटा, सेनेगलमधल्या बाय फाल या मुस्लिम पंथाच्या साधकांच्या बटा, आपल्याकडचे मलंग फकीर, हे सारे आपापल्या जागी स्वतंत्र आहेत. हरवळ्याच्या रुद्रेश्वराला किंवा तांबडी सुर्लाच्या महादेवाला हात जोडत लहानाची मोठी झालेली मुलगी जटेकडे ओढली गेली, तर तिने ती जमैकाकडून उसनी घेतली असे मी म्हणणार नाही. फक्त जे तुमचे नाही ते तुमचे असल्याचा आव आणू नका. रास्ताफारींची चिन्हे, त्यांची वचने, त्यांचे रंग त्यांच्याकडेच राहू द्या.

नाजीराच्या व्रताबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. त्याच अध्यायात व्रत संपवण्याचा विधीही दिला आहे : दिवस पूर्ण झाले की नाजीराने निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी डोके मुंडवायचे आणि ते केस शांत्यर्पण या बळीच्या अग्नीत घालायचे. बायबलातल्या शमशोनासारखा जन्मभराचा नाजीर वेगळा. पण सामान्य माणसाच्या व्रताला आरंभ होता, नेम होते आणि शेवटही होता. रामाच्या जटांना होता तसाच. रास्ताफारी गायक बॉब मार्ली यांचे लॉक्स कर्करोगाच्या उपचारांत गेले आणि 1981 च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा त्यांची श्रद्धा केसांबरोबर गळून गेली असे कोणी म्हटले नाही. तेव्हा होय, लॉक्स कापता येतात, आणि कापल्याने पाप लागत नाही.

आता तुमच्या आईच्या भीतीकडे येते, आणि येथे मला अधिक वेळ घ्यावासा वाटतो. तिच्या मावशीसारख्या बायका आजही आहेत. दोडामार्ग, चंदगड, बेळगाव या बाजूंनी गोव्यात लग्न होऊन आलेल्या किंवा कामाला आलेल्या बायकांत मी त्या पाहते, आणि गोव्याच्या आतल्या गावांतही. सुरुवात बहुधा अगदी साध्या कारणाने होते. बाळंतपण, लांबलेले आजारपण, मनाचा खचलेपणा, डोक्यात उवा, किंवा लांब दाट केस विंचरायला वेळच नाही असे कष्टाचे दिवस. माणसाच्या डोक्यावरून रोज 50 ते 100 केस गळतात. विंचरले नाही तर ते बाहेर न पडता शेजारच्या केसांत अडकतात, त्यात तेल, घाम, धूळ मिसळते आणि गुंता घट्ट होतो. या टप्प्यावर कोणी खोबरेल आणि जाड दातांचा कंगवा घेऊन दोन दुपारी बसले तर तो सुटतो. पण घरातली किंवा शेजारची एखादी जाणती म्हणते, हात लावू नका, देवी आली आहे. मग विंचरणे थांबते, धुणे थांबते, हळद-कुंकू चढते, आणि त्या चिकटपणाने गुंत्याची दोरी होते. एकदा ती दोरी झाली की दैवी असल्याचा पुरावा म्हणून तीच दाखवली जाते.

माझ्याकडे आलेल्या एका म्हाताऱ्या बाईची जट कमरेखाली पोहोचली होती आणि ती फडक्यात गुंडाळून खांद्यावरून पुढे घेऊन चालायची, कारण मागे सोडली तर मान ओढली जायची. झोपायची ती एकाच कुशीवर. साधी कात्री त्यात शिरेना. मुळाशी दोन बोटे केस सोडून, जाड कात्रीने थोडे थोडे करत मी ती कापत गेले, तसा आतून ओलसर, आंबूस वास आला आणि मध्यभागी बुरशीने काळे पडलेले केस दिसले. तिचा श्वास प्रत्येक कापाला अडत होता. रक्त येईल असे तिला लहानपणापासून सांगितलेले होते. केसाच्या दांड्यात ना रक्त असते ना नस. जिवंत असते ते फक्त त्वचेखालचे मूळ. हे मी तिला आधी सांगितले होते, पण तिचा विश्वास बसला तो जट पुरती हातात आल्यावर. त्यानंतर तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि बराच वेळ तेच करत राहिली.

यल्लम्माच्या नावाने आलेल्या जटेमागे याहून काळा इतिहास आहे. कोवळ्या मुलीच्या डोक्यात गुंता झाला की देवीचे बोलावणे आले म्हणून तिला देवीला सोडण्याची रूढी होती, आणि देवदासी झालेल्या मुलीचे पुढे काय होई ते सांगायला नको. कर्नाटकाने 1982 मध्ये कायदा करून ही प्रथा बंद केली. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, समजूत घालून, बायकांच्या जटा सोडवण्याचे काम चालवले आहे. देवीवरच्या श्रद्धेला न दुखावता भीती तेवढी काढायची, हे त्या कामाचे कसब आहे आणि मी त्यातून पुष्कळ शिकले. आपल्याच समाजात विधवांचे केशवपन होत असे, आणि 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ते काम करायला नकार दिला होता. संन्याशाचे मुंडन आणि विधवेचे केशवपन यांत वस्तरा एकच होता. एकाने स्वतः डोके पुढे केले, दुसरीचे धरले गेले. जटेचेही तसेच आहे.

किनाऱ्यावरच्या प्रवाशाने सांगितलेल्या शक्तीबद्दल माझे म्हणणे यातूनच येते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण, कळंगुट, हरमल इथे देशोदेशीचे लोक येत राहिले, त्यांतल्या अनेकांनी इथल्या साधूंच्या जटा पाहून स्वतःच्या केल्या, आणि केसांत ऊर्जा साठते हा समज त्यांच्यात रुजला. तो ऐकायला सुंदर वाटतो. पण गुंत्यात काहीतरी वस्तीला येते असे एकदा मान्य केले, की तुमच्या आईच्या मावशीच्या डोक्यात देवी बसली होती हेही मान्य करावे लागते आणि ती काढली तर कोप होईल हेही. एकच समज, फक्त एक चांगल्या कपड्यांत हिंडतो आणि दुसरा घराच्या अंधाऱ्या खोलीत बसवतो. ध्यान लवकर लागणे-न लागणे हे बसण्याच्या नेमावर आहे. लॉक्स त्या नेमाची आठवण करून देऊ शकतात, आणि माझ्या अनुभवात ती आठवण खरोखर उपयोगी पडते. एवढेच त्यांचे सामर्थ्य, आणि ते थोडे नाही.

मग प्रत्यक्षात माणसात काय बदलते? आपले केस सरळ आणि गुळगुळीत. ते सहजासहजी धरत नाहीत. किमान 15 सेंटिमीटर लांबी लागते. डोक्यावर दोन-अडीच सेंटिमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक बट बारीक कंगव्याने मुळाकडे उलटी विंचरायची, आणि मग बारीक क्रोशाच्या सुईने सुटे केस आत ओढत जायचे. अशा साधारण 40 ते 60 बटा होतात आणि त्यासाठी अख्खा दिवस एका जागी बसावे लागते. त्यानंतरचे पहिले काही महिने डोके विस्कटलेले दिसते. बटा सुजतात, वाकड्या होतात, मुळाशी सुटतात. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आत-बाहेर वाढतात, त्यामुळे बट आतून घट्ट व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते आणि कोणत्याही उपायाने ते आधी होत नाही. या काळात बाजारात लोक वळून पाहतात, लग्नकार्यात नातेवाईक टोकतात, आरशात स्वतःलाच स्वतः आवडत नाही. माझ्याकडचे पुष्कळ जण याच टप्प्यावर कापून टाकतात. जे राहतात त्यांच्यात मला एक स्थिरपणा आलेला दिसतो. आपण कसे दिसतो याची दर तासाला चौकशी करण्याची सवय त्यांची सुटते, आणि जे हळूहळूच होणार आहे त्याच्याशी भांडणे ते सोडतात. मी ज्याला लॉक्सचा वैयक्तिक अर्थ म्हणेन तो इथे घडतो, आणि तो कोणी शिकवून येत नाही.

निष्काळजीपणाला मात्र वैराग्य म्हणू नका. आठवड्यातून एकदा तरी डोके धुवायचे, शिकेकाई-रिठ्याचे गाळलेले पाणी किंवा केसांत न राहणारा शांपू वापरायचा, खोबरेल बटांना लावायचे नाही, कारण ते आत अडकून खवट होते. आपल्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हवा इतकी दमट असते की बट वरून सुकलेली वाटते आणि आत ओली राहते. त्या बाईच्या जटेत दिसली ती बुरशी अशीच येते. धुवायचे ते सकाळी, टॉवेलात पिळून, पंख्याखाली पूर्ण सुकवून. ओल्या डोक्याने कधीही झोपायचे नाही. बटा ताणून घट्ट अंबाडा रोज घातला तर कपाळाकडचे केस मुळापासून जातात आणि काही वेळा परत येत नाहीत. टाळूवर खाज, खपल्या किंवा पू दिसला तर मला किंवा कोणा बाबाला न विचारता बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा.

आईशी वाद घालू नका. तिला पटेल अशा भाषेत सांगा, आणि गोव्यात ती भाषा आहे. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, सोवळे पाळतात, व्रत करतात, अग्निदिव्यातून जातात आणि जत्रा झाली की पुन्हा शेतावर, दुकानात, कचेरीत कामाला लागतात. त्यांना देवीने पछाडले असे कोणी म्हणत नाही, कारण त्यांनी ते व्रत आपणहून घेतलेले असते. तिला सांगा की मी घेणार आहे ते असेच काहीतरी आहे. तिला ग्रामदेवी सातेरीपुढे गाऱ्हाणे घालायचे असेल तर तिच्याबरोबर जा आणि तिच्या शेजारी उभ्या राहा. कौल लावायचा, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून देवीचा होकार-नकार पाहायचा, हट्ट तिने धरला तर मात्र मी नम्रपणे नको म्हणेन. स्वतःच्या डोक्याचा निर्णय पाकळी कोणत्या बाजूला पडते यावर सोडला, तर पुढे केस राखण्याचा किंवा उतरवण्याचा अधिकारही तिथेच गहाण पडतो.

संकल्प कागदावर लिहा : कशासाठी धरते आहे, त्याबरोबर कोणता नेम पाळणार आहे, आणि कोणत्या दिवशी पुन्हा विचार करणार आहे. पहिली मुदत दोन वर्षांची ठेवा, म्हणजे बट पक्की झालेली असेल आणि निर्णय कंटाळ्यातून होणार नाही. तो कागद मला दाखवण्याची गरज नाही. केस 15 सेंटिमीटरपेक्षा कमी असतील तर वाढू द्या, पाऊस पुरता ओसरेपर्यंत थांबा, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की डोके धुऊन, तेल न लावता, सकाळी लवकर या. येताना आईला बरोबर आणलेत तर फार बरे होईल. पहिली बट बांधताना तिने पाहिलेली असावी.